निधीकाका

नाशिक रोडच्या प्रत्येक कॉलनीत एक तरी निधीकाका असतात. आमचे जेल रोडचे निधीकाका प्रेसमधून निवृत्त झालेले. प्रेस म्हणजे 1928 पासून नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस. उभी हयात नोटांच्या थप्प्या हाताखालून गेल्या आणि रोज गेटवर झडती दिली, त्यामुळे पैशाचा मोह असा त्यांना उरला नाही. संशय मात्र उरला. वर्गणी हातात पडली की आधी ती नोट खिडकीच्या उजेडात धरणार, जलचिन्ह बघणार, धागा बघणार, मगच पावती फाडणार. ‘‘आमच्या हातची आहे,’’ म्हणाले तर देणाऱ्यानं धन्य व्हायचं. ‘‘ही म्हैसूरची दिसतेय,’’ म्हणताना मात्र नाशिककरापुढे कुणी परगावचा चिवडा ठेवावा तसा चेहरा होतो.

गणपती, नवरात्र, कॉलनीची बोअरवेल असे मुक्काम करत काका वन्यजीवांपर्यंत पोहोचले ते दहाच्या नोटेमुळे. 1996 च्या मालिकेतल्या या नोटेमागे गेंडा, हत्ती आणि वाघ होते. 2018 साली आलेल्या नव्या नोटेवर कोणार्कचं सूर्यमंदिर आलं. ‘‘तीन प्राणी एका फटक्यात हद्दपार! सूर्याला काय कमी होतं हो?’’ हा प्रश्न काका अजूनही विचारतात, आणि समोरचा गप्प बसला की पुढचा मुद्दा काढतात. ‘‘बिबट्याला तर मुळात घेतलंच नव्हतं. मग तो कॉलनीत येणार नाही तर काय करेल?’’

बिबट्या खरंच येतो. दारणाकाठी सामनगाव, पळसे, चेहेडीकडे ऊस आहे, उसात लपायला जागा आहे आणि वस्तीत कुत्री आहेत. एवढ्या सोयी नाशिक रोडच्या माणसाला तरी कुठं एका जागी मिळतात? सीसीटीव्हीत शेपटी दिसली की ग्रुपवर व्हिडिओ फिरतो, त्यात बऱ्याचदा जुन्नरचा बिबट्याही घुसडलेला असतो. या दारणाकाठी बिबट्यानं माणसंही मारली आहेत. त्या गावांत काका पावतीपुस्तक पिशवीतून बाहेर काढत नाहीत, ओट्यावर बसून नुसतं ऐकतात. हे त्यांच्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं, कारण बाकी कुठंही ते पुस्तक पिशवीत राहत नाही.

तर अशा माणसाला परदेशातल्या भाच्यानं फोनवर सांगितलं, की तिकडे प्राण्यांसाठी गोल्फच्या स्पर्धा भरवून पैसे जमवतात. जेमतेम 46 ग्रॅमचा चेंडू 108 मिलिमीटरच्या भोकात घालायला माणसं भरभक्कम प्रवेश फी देतात. काकांना याचं नवल वाटलं नाही. कॉलनीच्या बोअरवेलसाठी त्यांनी अशाच एका भोकात याहून जास्त पैसे जाताना पाहिले होते. ते थरारले ते मलिगननं. फटका चुकला तर पैसे भरायचे आणि तो पुन्हा मारायचा! ‘‘म्हणजे चूक विकतात!’’ काका उभेच राहिले. ‘‘आणि आपण इथं पिढ्यान्‌पिढ्या फुकट चुकतोय.’’

दुसऱ्या दिवशी सिटीलिंकची बस धरून ते गोल्फ क्लब मैदानावर. नाशिकमध्ये रिक्षावाल्याला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणून सांगितलं तर तो क्षणभर विचारात पडतो, गोल्फ क्लब म्हटलं की मीटर न टाकता निघतो. तिथं रणजीचे सामने होतात, सभा होतात, सकाळी मधुमेह फेऱ्या मारतो. फक्त गोल्फ होत नाही. गोल्फची चौकशी करणारे काका हे तिथल्या पहारेकऱ्याच्या नोकरीतले पहिलेच असावेत. त्यानं आदरानं पाण्याची बाटली पुढे केली.

उरलं देवळाली. तिथं तोफखान्याचं गोल्फ मैदान आहे, पण ते लष्कराचं. तरी काका गेले आणि ‘‘बिबट्यांसाठी शॉटगन स्टार्ट ठेवायचाय,’’ असं पहाऱ्यावरच्या जवानाला म्हणाले. सगळ्या होलांवर सगळ्यांनी एकाच वेळी खेळ सुरू करायचा, एवढाच त्याचा अर्थ. पण बंदूक खांद्यावर असलेल्या माणसाला तो समजावून सांगायला पाऊण तास गेला. शिवाय काका जाताना म्हणाले, ‘‘तोफा डागणाऱ्यांना एवढासा गोळा म्हणजे शिक्षाच की!’’

मैदान अर्थातच मिळालं नाही. ‘‘अहो, आधी घरातल्या उंदरांसाठी काहीतरी करा,’’ काकू म्हणाल्या. काकांनी त्यातून ‘घर’ तेवढं उचललं आणि कॉलनीच्या हॉलमध्ये कॅरम स्पर्धा भरवली. कॅरमलाही भोकं आहेत, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. सगळ्या बोर्डांवर एकदम सुरुवात. स्ट्रायकर भोकात गेला तर मलिगन, दहा रुपये. आमच्या कॉलनीची खरी गुणवत्ता त्या दिवशी कळली. प्रवेश फीपेक्षा चुकांचीच कमाई जास्त झाली. सोज्ज्वळ चेहरा करून काही मंडळी मुद्दाम चुकत होती, असंही बोललं जातं. बक्षिसाचा चषक गेल्या गणेशोत्सवातला होता, त्यावर फक्त नवा कागद.

पैशाचं काय करायचं हे मात्र काकांनी वनखात्याच्या माणसांना विचारून ठरवलेलं होतं. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडली की ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी संध्याकाळी ठेवतात, रात्री आई येऊन घेऊन जाते. त्याला खर्च फारसा नाही, गर्दी हटवायला दम लागतो. विहिरीत पडलेल्या बिबट्याला बाज किंवा पिंजरा सोडून वर काढावं लागतं, आणि तो पडतो ते विहिरीला कठडा नसतो म्हणून. तेव्हा एक कठडा. काकांनी विटांची पावती घेतली, सिमेंटची घेतली, गवंड्याच्या चहाचीसुद्धा घेतली.

कठडा झाल्यावर विहिरीचे मालक काकांना म्हणाले, ‘‘झ्याक झालं. पण काका, ते गोल्फ गोल्फ म्हणता ते असतंय तरी कसं?’’ काकांनी बांधावरचा ऊस मोडला, खळ्यातला कांदा वाफ्याच्या कडेला ठेवला, एक डोळा मिटला आणि दणका दिला. कांदा नव्या कठड्यावरून पलीकडे, सरळ विहिरीत.

काकांनी दुसऱ्या कांद्याला हात घातला, तसा मालकांनी तो उचलून मुठीत धरला.

‘‘दहा रुपये,’’ ते म्हणाले, ‘‘आणि पावती मागू नका.’’