वर जायचं, परत यायचं

पावसाळा सरत आला की पुण्या-मुंबईची मंडळी हिल हाफ मॅरेथॉनसाठी साताऱ्यात उतरतात. शनिवारी हॉटेलात पाऊल टाकताच पहिली चौकशी: लिफ्ट आहे ना? खोली दुसऱ्या मजल्यावर असते. दुसऱ्या दिवशी पहाटे हीच माणसं यवतेश्वरचा घाट धावत चढणार असतात.

अंतर २१.०९७५ किलोमीटर. दशांशापुढचे चारही आकडे तोंडपाठ. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या शाही आसनापर्यंत जेवढं अंतर भरलं, त्याचं हे अर्धं. इंग्रजांच्या राजाराणीची सोय छत्रपतींच्या राजधानीत आजही इमानेइतबारे पाळली जाते.

घाटात दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल थांबते.

“कुठं निघालाय?”

“वर.”

“आन् मग?”

“परत खाली.”

“मग गेलाच कशाला?”

याचं उत्तर कुठल्याच ट्रेनिंग प्लॅनमध्ये नसतं. शिवाय धाप लागलेली असते. कासचं पठार २०१२पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्या वाटेवर धावणाऱ्याची नजर मात्र मनगटावरच्या घड्याळात. वेग कमी झाला की फोटोग्राफर दिसेपर्यंत चालायचं, दिसला की पळायचं.

दुपारी गळ्यात मेडल घालून कंदी पेढ्यांची खरेदी. घाटात जाळलेल्या कॅलरी काउंटरवरच वसूल होतात. “अर्धा किलो घरी, अर्धा ऑफिसला.” छातीवरचा बिब जरा पुढे करून गिऱ्हाईक कौतुकाची वाट बघतं.

दुकानदार विचारतो, “सुटे आहेत का?”