प्रागमधली हुंडणावळ

प्रागच्या जुन्या चौकात नगरभवनाच्या भिंतीवर १४१० सालचं एक घड्याळ आहे. तासाचा ठोका जवळ आला की सगळा चौक मान वर करून उभा राहतो. खिडक्या उघडतात, येशूचे बारा शिष्य एकामागून एक दर्शन देऊन जातात, आणि खाली उभा असलेला सांगाडा घंटा वाजवतो. ‘चला, वेळ झाली,’ असं त्याचं म्हणणं. त्यावर शेजारच्या बाहुल्या माना हलवून ‘नको, एवढ्यात नको’ म्हणतात. त्यातली एक बाहुली हातात पैशाची थैली धरलेल्या कंजूष माणसाची आहे.

हे वर्णन मी टूरच्या माहितीपत्रकातून देतोय. प्रत्यक्ष ठोका पडला तेव्हा मी घड्याळाकडे पाठ आणि एका एटीएमकडे तोंड करून उभा होतो. सहाशे वर्षांचं घड्याळ कुठे पळून जात नाही. पैसे मात्र जातात.

या प्रसंगाची तयारी आम्ही पुण्यात तीन महिने करत होतो. बॅगेत काय भरायचं याचा निकाल एका संध्याकाळी लागला. पैसे कशात भरायचे यालाच तीन महिने लागले. रोख न्यावी तर परकीय नोटा एका फेरीला ३,००० डॉलरपर्यंतच, आणि त्या कमरेला बांधून युरोपभर हिंडायचं. क्रेडिट कार्ड वापरावं तर प्रत्येक खरेदीवर साडेतीन टक्के, त्या साडेतीन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. हा आकडा मला झोपेतही पाठ होता. क्रेडिट कार्डानं रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज. मग उरलं ते फॉरेक्स कार्ड. आधी पैसे भरा, मग तिकडे जाऊन घासा.

“यात काहीच चार्ज नाही सर, झिरो मार्कअप,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

‘काहीच नाही’ म्हटलं की पुणेकर आधी पावती मागतो. मी मागितली. त्या दिवशी मोबाइलवर युरो अठ्ठ्याण्णव रुपयांना दिसत होता. पावतीवर तो शंभर रुपयांना होता. मी २,००० युरो भरले. म्हणजे शून्य मार्कअपचे ४,००० रुपये तिथल्या तिथे झाले. शिवाय दोन लाखांच्या परकीय चलनावर २७० रुपये जीएसटी. बँकेचं हे शून्य लग्नपत्रिकेतल्या ‘कृपया आहेर आणू नये’सारखं असतं. छापलेलं असतं, पण रिकाम्या हातानं कुणी जात नाही.

आपल्या पूर्वजांचा कारभार या बाबतीत सरळ होता. एका मुलखाचं नाणं दुसऱ्या मुलखात चालवायचं तर सराफ त्यावर बट्टा कापायचा. काशीला निघालेला माणूस वाटेत लुटला जाऊ नये म्हणून सावकाराकडून हुंडी करून घ्यायचा, तर त्याची हुंडणावळ मोजावी लागायची. फॉरेक्स कार्ड म्हणजे प्लास्टिकची हुंडी, दुसरं काही नाही. पण तेव्हा कापणारा समोर गादीवर बसलेला असायचा आणि कापलेल्या पैशाला नाव होतं. बट्टा लागला की बट्टा लागला असं म्हणायची सोय होती. आता ती ‘सुविधा’ झाली आहे. सुविधेशी भांडायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नाही.

माझे मामा सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेले, तेव्हा त्यांना सोबत फक्त ८ डॉलर न्यायची परवानगी होती. विमानतळावर कॉफी प्यावी की घरी फोन करावा, या विवंचनेत त्यांनी दोन्ही केलं नाही. आज प्रत्येक भारतीयाला वर्षाला २,५०,००० डॉलर बाहेर नेता येतात. मामांना हा आकडा सांगितला तर ते म्हणतात, “पण मला कुणाची फी लागली नाही हो.” खरंच आहे. कापायला काही असावं लागतं.

टूरमध्ये साताऱ्याचे एक निवृत्त बँक मॅनेजर होते. सगळे त्यांना काका म्हणत. बस सुटली की गाइड माइक हातात घ्यायचा आणि काका त्याच्यावर आवाज चढवून आम्हाला शहाणं करायचे. “एटीएमला दर खेपेची फी असते. वाटी वाटी आणू नका, एकदाच घागर भरा. यंत्राला शिल्लक विचारू नका, त्याचेही पैसे कापतात. हॉटेलात अनामतीसाठी हे कार्ड द्यायचं नाही, रक्कम अडकून बसते आणि तुम्ही घरी पोचल्यावर सुटते.” आम्ही माना डोलवायचो. मग त्यांनी मला विचारलं, “तुम्ही कार्डात काय भरलंय?”

“युरो,” मी अभिमानानं म्हणालो. “युरोपला चाललोय ना.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. अपुऱ्या कागदपत्रांनिशी कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे ते तीस वर्षं असंच बघत आले असणार. “अहो, प्रागमध्ये कोरुना. बुडापेस्टला फोरिंट. झुरिकला फ्रँक. तुमच्या चार शहरांत युरो चालतो तो एकट्या व्हिएन्नात.”

मी माहितीपत्रक पुन्हा उघडलं. काकांचं बरोबर होतं. युरोप आणि युरो हे नात्यानं जवळचे वाटले तरी वेगळे राहतात. युरोच्या कार्डानं कोरुना द्यायचे तर बँक मध्ये पडून चलन बदलणार आणि वर साडेतीन टक्के घेणार. चुकवलेले साडेतीन टक्के विमानाचं तिकीट काढून माझ्या आधी प्रागला पोचले होते.

इथे मराठी पर्यटकाची एक सवय सांगायला हवी. तो परदेशात बघत नाही, गुणतो. चार युरोची कॉफी त्याच्या समोर येते ती चारशे रुपयांची होऊनच येते. स्टेशनवरच्या शौचालयाला एक युरो लागला की तो शंभर रुपये खर्च करून बाहेर येतो आणि दिवसभर पाणी कमी पितो. व्हिएन्नाच्या राजवाड्यात एका बाईंनी गाइडला पहिला प्रश्न विचारला, तो ‘हे झुंबर आजच्या हिशेबानं केवढ्याला पडलं असेल’ असा होता. भूगोल, इतिहास, शिल्पकला सगळं आम्ही रुपयांत समजून घेतो. त्याशिवाय आम्हाला करमत नाही. आणि ही गोष्ट एटीएमवाल्यांना आमच्याआधी कळली आहे.

तर मी त्या यंत्रासमोर उभा होतो. युरोच्या कार्डाचे साडेतीन टक्के वाचवायचे म्हणून मी धूर्तपणे रोजचं डेबिट कार्ड बाहेर काढलं. यंत्र भडक रंगाचं, आठवणवस्तूंच्या दुकानाला खेटून उभं केलेलं. आपल्याकडे देवळाबाहेर जिथे नारळवाला बसतो, बरोबर त्या जागी. त्यानं आधी मोठमोठे आकडे पुढे केले. मी ठामपणे ४,००० कोरुना निवडले. १५० कोरुना शुल्क पडेल, चालेल का, असं त्यानं विचारलं. घागर एकदाच भरायची होती; मी चालेल म्हटलं.

आणि मग पडद्यावर रुपया आला.

पाच दिवस कोरुना, फोरिंट आणि युरो यांच्या गर्दीत गुणाकार करून डोकं शिणलं होतं, आणि अचानक आपला रुपया, चिन्हासकट, पैशापर्यंत हिशेब करून समोर उभा. विमानतळावर आपल्या वाड्यातला माणूस भेटावा तसं झालं. ‘तुमच्या खात्यातून नेमकी एवढीच रक्कम जाईल, दर पक्का,’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं होतं. खाली मोठ्ठं हिरवं बटण, स्वीकारा. त्याच्या बाजूला करड्या रंगाचं, अंग चोरून बसलेलं दुसरं बटण, नाकारा. एका कोपऱ्यात, औषधाच्या डबीवर असतात तेवढ्या अक्षरांत, १३ टक्के असंही होतं. पण इतक्या आपुलकीनं समोर आलेल्या माणसाचे कोपरे कोण तपासतं? मी हिरवं दाबलं. तेवढ्यात मागे घंटा वाजली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या माझ्यासाठीच वाटल्या.

हॉटेलवर आल्यावर मेसेज बघितला. हिशेब असा. कोरुना साधारण चार रुपयांना, म्हणजे ४,००० कोरुनांचे १६,००० रुपये. यंत्राचे १५० धरून ४,१५० कोरुना. त्यांवर तेरा टक्के चढवून यंत्रानं लावले १८,७५८ रुपये. आपल्या बँकेनं परदेशात पैसे काढल्याबद्दल १२५ रुपये आणि त्यावर जीएसटी असे १४७ रुपये ५० पैसे घेतले. एकूण १८,९०५ रुपये ५० पैसे. ५६० रुपये वाचवण्यासाठी मी २,९०५ रुपये ५० पैसे खर्च केले होते. वरचे पन्नास पैसे मला सगळ्यात जास्त लागले. भारतात ते नाणं आता कुणी घेत नाही.

हे सगळं बायकोला न सांगता पचवायचा विचार होता. पण तिनं पर्स उघडून टेबलावर कोरुनांच्या नोटा ठेवल्या.

“अगं, हे कुठून?”

“काढले. तुमचा भरवसा नव्हता म्हणून.” एकच काम दोघांनी वेगवेगळं जाऊन करायचं, ही आमच्या घरची जुनी पद्धत आहे.

ती मागच्या गल्लीतल्या एका खऱ्या बँकेच्या भिंतीतल्या यंत्राकडे गेली होती आणि तिनं तेच युरोचं कार्ड घातलं होतं. काढले माझ्याइतकेच, ४,००० कोरुना. चलनबदलाचे साडेतीन टक्के म्हणजे ५६० रुपये, शिवाय कार्डवाल्या बँकेची दोन युरो फी. सगळं मिळून १६,७६०.

“तुला रुपये नाही दाखवले त्यानं?”

“दाखवले की. मी नको म्हटलं.”

“का?”

“अहो, तुळशीबागेत पहिला भाव कधी घेतात का?” ती म्हणाली. “आणि नको म्हटल्यावर ते पुन्हा विचारायला लागलं. नक्की का, खात्री आहे का, दर बदलू शकतो, बघा बुवा. तेव्हाच मी ओळखलं. आपण दोन पावलं पुढे गेलो की दुकानदार ‘ताई, ऐका तर’ म्हणून हाक मारतो, तेव्हा पहिला भाव खोटा असतो. मी पुन्हा नको म्हटलं. दिले गुपचूप.”

चलनबाजाराचं एवढं स्वच्छ विवेचन मी कुठल्याही अर्थविषयक पुरवणीत वाचलेलं नाही. परक्या देशातलं यंत्र आपल्याशी आपल्या चलनात बोलायला लागलं, की ते बोलण्याचे पैसे घेतं. आपण नाकारलं तर नुकसान होत नाही. यंत्र तिथलं चलन देतं आणि रुपयांचा हिशेब आपली बँक करते. तिचाही बट्टा असतो, पण तो आधी छापलेला असतो आणि यंत्राच्या तेरा टक्क्यांहून पुष्कळ कमी असतो. मराठी माणसाला गुणाकाराची हौस; यंत्र म्हणतं, तुम्ही कशाला त्रास घेता, मी गुणून देतो. माझ्या गुणाकाराची ती मजुरी होती.

बायकोचं ऐकावं, याला एटीएमच्या इतिहासातही आधार आहे. जगातलं पहिलं एटीएम २७ जून १९६७ रोजी उत्तर लंडनच्या एनफील्डमध्ये एका बँकेत सुरू झालं. ते करणारे जॉन शेपर्ड-बॅरन जन्मले आपल्या शिलाँगमध्ये. पिन सहा आकडी करायचा त्यांचा बेत होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायको म्हणाली, माझ्या लक्षात चारच राहतात. म्हणून पिन चार आकडी झाला, असं ते स्वतः सांगत. त्या माणसानं बायकोचं ऐकलं आणि अर्ध्या जगाची सोय झाली. मी एकट्यानं हिरवं बटण दाबलं.

आता उरलेलं थोडक्यात. ८,००० कोरुना रोख खिशात असताना आम्हाला कळलं, की प्रागच्या ट्राममध्ये तिकिटाला कार्ड टेकवलं तरी चालतं. चौकातला गोड रोल भाजणारासुद्धा कार्डाचं यंत्र पुढे करतो. काकांचा सल्ला घागरीचा होता, आणि आम्ही दोन घागरी भरून आणल्या होत्या. नोटा संपवायला हिनं लाल गार्नेटचे कानातले घेतले, ते मी मनात चारनं गुणले आणि गप्प बसलो. नाणी परत आणली. पुण्यातला मनी चेंजर नाण्यांना हात लावत नाही, त्यामुळे ती शोकेसमध्ये गणपतीशेजारी आहेत. कार्डात ३ युरो ४० सेंट शिल्लक आहेत. परत आल्यापासून १८० दिवसांत उरलेलं चलन बँकेला द्यायचं असतं, पण २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवायला सरकारची हरकत नाही. सरकारच्या या उदारतेमुळे माझे ३ युरो ४० सेंट सुरक्षित आहेत. ते परत घ्यायला गेलो तर त्याची फी त्याहून जास्त होईल.

निघायच्या दिवशी सकाळी मी ते घड्याळ शेवटी पाहिलं. सांगाड्यानं घंटा वाजवली आणि थैलीवाल्या कंजुषानं मान हलवली. नको, नको. तासाला एकदा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, फुकट सल्ला. आदल्या दिवशी मी त्याच्याकडे पाठ करून उभा होतो.

तेव्हा या सुट्टीत बाहेर निघालेल्यांनो, कार्डात भरायच्या आधी उतरणार त्या शहरांची चलनं बघा, खंडाचं नाव बघू नका. भडक यंत्र सोडून बँकेच्या भिंतीतलं यंत्र शोधा. आणि परदेशी पडद्यावर रुपया दिसला तर ओळख दाखवू नका. तिथल्या चलनाचं बटण दाबा. ते पुन्हा विचारेल. पुन्हा नको म्हणा. नको म्हणायला अजून तरी फी लागत नाही.