दोनच दिवसांचा पाहुणा

"दोनच दिवस राहीन हं," म्हणत येणारा पाहुणा तुमच्याही ओळखीचा असेल. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात उतरलेल्याचं आडनाव फाल्सिपेरम, धंदा मलेरियाचा. मुक्काम तांबड्या पेशीत.

घर बाकी पारखून निवडलेलं. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही. म्हणजे मालक कधीच गाव सोडून गेलेला आणि मागे हिमोग्लोबिननं खच्चून भरलेलं कोठार. आत शिरताना पेशीच्याच पडद्याची दुलई अंगाभोवती लपेटायची आणि थोड्याच वेळात ताटावर बसायचं. अंगावरच्या एका खळग्यातून हिमोग्लोबिनचे घास ओढायचे, पोटातल्या पिशवीत नेऊन पचवायचे. निम्म्याहून जास्त कोठार फस्त! अंगी लागतं ते थोडंच, बाकीची अमिनो आम्लं सरळ बाहेर टाकतो. काही अभ्यासक म्हणतात, त्याला हातपाय पसरायला जागा लागते, म्हणून एवढं खातो. पंगतीत जागा अडवून खाणारे पुष्कळ पाहिले. जागा व्हावी म्हणून खाणारा हा पहिलाच.

वर तक्रार आहेच. "आयसोल्युसिन नाही का तुमच्याकडे?" नाही बुवा. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये ते अमिनो आम्ल औषधालाही सापडत नाही. मग स्वारी पेशीच्या भिंतीला भोक पाडून स्वतःचा नळ जोडून घेते आणि बाहेरच्या रक्तद्रवातून हवं ते आत ओढते. हा चोरटा नळ 2000 साली संशोधक संजय देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पकडला. आमच्या पाणीखात्याला वरच्या मजल्यावरचा अजून सापडलेला नाही.

एक गुण मात्र मानलाच पाहिजे. हिमोग्लोबिन पचवल्यावर उरणारं हीम विषारी. त्याचे स्फटिक करून तो नीट कोपऱ्यात रचतो. क्लोरोक्विन नेमकं या झाडलोटीतच खो घालतं, मग तो आपल्याच कचऱ्यानं मरतो. अर्थात, ते औषध पिशवीतून परत बाहेर काढायची युक्ती यांच्यातल्या बऱ्याच जणांना आता जमली आहे.

48 तास भरले की शब्दाला जागून निघतो. आला एकटा, जातो वीसएक होऊन, तेही दारानं नव्हे, घर फोडून. आपल्याला हुडहुडी भरते ती तेव्हा.

मी तीन गोधड्यांखाली कुडकुडत असताना आई ग्लुकोजचं पाणी घेऊन आली. ग्लुकोज तर यांचा जीव की प्राण. साध्या पेशीच्या कितीतरी पट फस्त करतात.

"दोन घोट घे," आई म्हणाली, "अंगात ताकद येईल."

कुणाच्या, ते मी विचारलं नाही.