दोन टप्प्यांचा वारकरी

दोन टप्प्यांचा वारकरी पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात आढळतो. वय तीस ते पंचावन्न, नोकरी बहुधा हिंजवडी किंवा खराडीला, राहणे सोसायटीत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते, त्या सुमारे २५० किलोमीटरच्या वाटेवरचे आळंदी ते पुणे आणि पुणे ते सासवड हे दोन टप्पे तो चालतो. उरलेली वाट टीव्हीवर पाहतो. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त लावली तेव्हा हा प्रकार अस्तित्वात नव्हता. आता तो इतका आहे की त्याच्याशिवाय सासवडच्या वाटेवरच्या दिवे घाटाचा फोटो निघत नाही.

पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला होते. या माणसाचे वर्ष तिमाहीत मोजले जात असल्यामुळे एरवी त्याचा तिथीशी संबंध येत नाही. मे महिन्यात मात्र तो कॅलेंडर भिंतीवरून उतरवून पाहतो. सासवडचा टप्पा रविवारी आला तर ती माऊलींची कृपा. बुधवारी आला तर साहेबांना ‘घरगुती कार्यक्रम’ कळवला जातो.

तयारीचा मुख्य विषय पाय. बूट की सँडल, एक मोजा की दोन, टाचेला व्हॅसलीन लावायचे की पावडर, यावर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर महिनाभर चर्चा चालते. पर्वती आणि वेताळ टेकडीवर सराव होतो. पाठपिशवीत क्षार-साखरेची पाकिटे, क्रेप बँडेज, पॉवर बँक आणि दोन हजारांचा रेनकोट असतो. शेजारून चालणाऱ्या बाईच्या डोक्यावर वळकटी, खांद्यावर प्लास्टिकचा कागद आणि पायांत रबरी चपला असतात, आणि ती पुढे निघून जाते. पोशाख पांढरा. टोपी कुणाच्या तरी लग्नात मिळालेली, क्वचित फेट्याच्या बदली आलेली.

पहिला टप्पा थोडक्यात उरकण्यासारखा आहे. थोरल्या पादुका, दिघी, विश्रांतवाडी, फुलेनगर असे करत पालखी संध्याकाळी पुण्यात शिरते. या वाटेवर त्याला एक अडचण कळते: दिंडीला क्रमांक असतो, ओळी असतात, विणेकरी असतो, आणि परक्या माणसाने मध्ये घुसायचे नसते. म्हणून तो दोन दिंड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चालतो. तिथे पुढच्यांचा एक अभंग आणि मागच्यांचा दुसरा, दोन्ही अर्धे ऐकू येतात. पाठ एकही नसल्यामुळे त्याची गैरसोय होत नाही. ओळ सुरू झाली की तो ओठ हलवतो आणि शेवटचा शब्द आला की मोठ्याने म्हणतो. ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा गजर मात्र पूर्ण येतो, आणि त्यात तो कुणाला हार जात नाही.

पुण्यात पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री राहते. दोन टप्प्यांच्या वारीची खरी सोय इथे आहे. वारीचा मुक्काम आणि वारकऱ्याचा फ्लॅट एकाच शहरात पडतात, त्यामुळे तो रात्री आपल्या गादीवर झोपतो, गरम पाण्यात मीठ घालून पाय सोडतो आणि दुसऱ्या दिवशी लंगडत ऑफिसला जातो. लंगडणे आवश्यकतेपेक्षा थोडे जास्त असते. सुरक्षारक्षकापासून विभागप्रमुखापर्यंत सर्वांना तो त्या दिवशी ‘माऊली’ म्हणतो.

सासवडचा टप्पा लांब, तीस किलोमीटरच्या वर, आणि बहुतेक वेळा तो एकादशीला येतो. एरवी एकादशी न पाळणारा हा गृहस्थ त्या दिवशी निर्जळीचा विचार बोलून दाखवतो. हडपसरला साबुदाण्याची खिचडी दिसली की विचार मागे पडतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मंडळे, बँका आणि नगरसेवक केळी, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की वाटत असतात. कुणी चपला शिवून देतो, कुणी दाढी करतो, कुणी पाय चेपतो. नाही म्हणणे म्हणजे सेवेचा अपमान, या समजुतीने तो सगळे घेतो, आणि वडकीच्या नाल्यापाशी त्याची पिशवी घरून निघतानापेक्षा जड झालेली असते. बरोबर आणलेले ओट्सचे एनर्जी बार उपासाला चालतात का, हा प्रश्न सकाळी ग्रुपवर टाकलेला असतो. सासवड येईपर्यंत त्याचा निकाल लागत नाही.

मग घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या जातात, खाली मस्तानी तलाव दिसू लागतो, वळणावळणावर पताका वर सरकताना दिसतात. हे दृश्य खरोखर मोठे आहे आणि तो ते बहुतेक फोनमधून पाहतो. पोटरीत गोळा येतो तो इथेच. कठड्याशी बसला की बाजूला परभणी किंवा लातूरकडची एखादी म्हातारी टेकते, पदराची गाठ सोडून भाजलेले शेंगदाणे पुढे करते आणि विचारते, “कितवी वारी, माऊली?”

“चौथी.”

“आन् कुठवर?”

“सासवडपर्यंत.”

“म्हंजे आमाला घालवाया आलाव म्हना की. बरं केलंत.”

हा प्रसंग तो पुढे वर्षभर सांगतो. त्यात म्हातारी असते, शेंगदाणे असतात, शेवटचे वाक्य नसते.

सासवडच्या तळावर समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. त्या शांततेत हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात. दोन टप्प्यांच्या वारकऱ्याने हे पाहिलेले नसते, कारण त्या वेळी तो परतीच्या बसच्या रांगेत असतो. दिवे घाट वाहनांना बंद, म्हणून बस बोपदेव घाटाने येते आणि चालायला लागला त्याच्या निम्मा वेळ बसायलाही लागतो. पालखी सोपानदेवांच्या गावात मुक्कामाला राहते. तो बाल्कनीत बूट वाळत घालतो.

पुढचे पंधरा-सतरा दिवस तो ‘आमची पालखी आज फलटणला’ अशा भाषेत बोलतो. गोल रिंगणाचे प्रक्षेपण पाहताना घरच्यांना अश्व कसे धावतात ते समजावून देतो. आषाढीला उपास करतो. श्रावणापर्यंत ‘माऊली’ जाऊन ‘बॉस’ परत येतो.

या प्रकारात स्त्रियाही बऱ्याच आहेत. त्या चर्चा कमी करतात आणि अंतर जास्त कापतात. अमेरिकेहून सुट्टीवर आलेला उपप्रकार फक्त घाट चालतो. क्वचित एखादा सासवडहून परतच येत नाही. तो मेव्हण्याकडून जेजुरीला कपडे मागवतो, फोनवर रजा वाढवतो, वाल्ह्यात कुणाच्या तरी राहुटीत झोपतो आणि नीरास्नानाला सर्वांबरोबर पाण्यात उतरतो. पुढच्या वर्षी तो दिंडीची भिशी आधीच भरतो आणि वळकटी सामानाच्या ट्रकमध्ये टाकतो. त्याची गणना मग इथे करता येत नाही.