साडेतीन तारे आणि पिल्लू

'छावा' हा संभाजी महाराजांवरचा सिनेमा बघून आलो त्या रात्रीच मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परीक्षण टाकलं. मी टाकतोच. कुणी सांगितलेलं नाही, पण कुणी अडवलेलंही नाही. विकी कौशलच्या अंगात आलेलं वारं, अक्षय खन्नाने औरंगजेब करताना जवळजवळ न बोलता खाल्लेला पडदा, रहमानच्या संगीताची सतराव्या शतकाशी न जमलेली सोयरीक, आणि शिवाजी सावंतांची कादंबरी आधीच वाचलेल्या रसिकाचा (म्हणजे माझा) 'सूक्ष्म अपेक्षाभंग', असा सगळा ऐवज त्यात होता. शेवटी तारे दिले. साडेतीन.

साडेतीनवर जरा थांबू द्या. हा आपला, मराठी माणसाचा आकडा आहे. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईत शहाणे मोजायला बसले तर तेही साडेतीनच भरले. वणीची सप्तशृंगी अठरा हातांनी उभी आहे, तरी हिशेबात तिचं पीठ अर्धं. नाना फडणवीस अख्खं राज्य चालवत होते, पण तलवार चालवत नव्हते, म्हणून अर्धे शहाणे. सखारामबापू बोकील पूर्ण आणि नाना अर्धे! तेव्हा ज्या सिनेमाचा अर्धा तारा मी कापतो त्याने वाईट वाटून घेऊ नये, तो अर्धा नानांच्या पंगतीला बसलेला असतो. शिवाय साडेतीनसारखा सुरक्षित आकडा नाही. सिनेमा पडला तर 'मी चार कुठे दिले होते?' आणि चालला तर 'मी काही तीनवर थांबलो नव्हतो!' छापील समीक्षकांतही ज्यांनी कौतुक केलं त्यांनी भरभरून केलं, ज्यांना गोंगाट वाटला त्यांनी दोनच्या आसपास आटोपलं. मधल्या साडेतीनवर बसलेले सगळे माझे भाऊबंद.

या ताऱ्यांचा परिणाम काय? सिनेमाने देशात सहाशे कोटींच्या आसपास मजल मारली. सुरुवातीचा बुऱ्हाणपूरचा छापा बघून असीरगडाजवळची माणसं मार्च २०२५ मध्ये रात्री टॉर्च घेऊन शेतं खणत होती, मोगलांचं सोनं सापडतंय म्हणून. माझं परीक्षण वाचून कुणी घरातली कुंडीसुद्धा उकरली नसती. ग्रुपवर 'महाराष्ट्रात करमुक्त करा' अशी मागणी आली, तेव्हा आपल्याकडे २०१७ पासून करमणूक करच नाही, ही माहितीही मीच पुरवली. त्यावर एक अंगठा नाही.

उत्तर आलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं. "छान लिहिलंय भाऊजी. पिल्लूला नेऊ का?"

पिल्लू पहिलीत आहे.

मी परीक्षण पुन्हा वाचलं. त्यात पिल्लूसाठी एक ओळ नव्हती. नामांकित परीक्षणं काढून बघितली, त्यांतही पटकथा, व्हीएफएक्स, रश्मिका मंदानाचे मराठी वळणाचे नसलेले उच्चार, हे सगळं होतं. पिल्लू कुठेच नव्हतं. सेन्सॉर बोर्डाने मात्र विचार केला होता, 'यूए १६+' असा शिक्का मारून. याचा अर्थ इतकाच, की सोळाच्या आतल्यांचं आईवडिलांनी ठरवावं. बोर्डाने वहिनींवर सोपवलं, वहिनींनी माझ्यावर, आणि मी नाना फडणवीसांच्या मागे लपलो.

'सहकुटुंब पाहण्यासारखा' या शब्दांची आपल्याकडची परीक्षा एकच : नायक-नायिका जवळ आले की बाबांना खोकला येतो का? चौदा फेब्रुवारीला लागलेला असूनही या सिनेमात खोकला फारसा येत नाही. आणि मारामारीचं आपल्याला काही वाटत नाही. अफजलखानाचा कोथळा मराठी मूल पाढ्यांच्या आधी शिकतं. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा पडतो, मूल त्याला उचलून पुन्हा बुरुजावर ठेवतं. मी काही अहिंसेचा प्रचारक नाही. पण प्रदर्शनाआधी वाद झाला तो लेझीमवरून. संभाजी महाराज असे लेझीम घेऊन नाचतील का, असा आक्षेप आला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो प्रसंग काढून टाकला. लेझीम गेली, शेवटच्या छळातल्या तापलेल्या सळया राहिल्या. त्यांच्याबद्दल कुणीच काही म्हणालं नव्हतं.

माझ्या पुढच्या रांगेत पिल्लूच्याच वयाचा एक मुलगा होता. पडद्यावर महाराजांचा छळ सुरू झाला तसं त्याने आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. वडिलांनी मोबाइल काढून त्याच्या तोंडासमोर धरला. थिएटरात रडणाऱ्या मुलांचे व्हिडिओ त्या दिवसांत सगळीकडे फिरत होते, यांनाही एक हवा असावा. "बघ ना रे, डोळे उघड," ते म्हणत होते. पडद्यावर डोळे काढले जात असताना. मला इतका राग आला की साडेतीन, सूक्ष्म अपेक्षाभंग, सगळं विसरायला झालं.

माझ्या आजीनेही संभाजीराजांची गोष्ट सांगितली होती. संगमेश्वरला राजे पकडले गेले इथवर तपशीलवार, फितुरांना शिव्या घालत. पुढे, "फार हाल केले रे," एवढंच. मग पदर डोळ्यांना, थोडा वेळ गप्प, आणि थेट वढू-तुळापूर. काय हाल, हे आम्ही विचारलं नाही. तिचा हात पाठीवर होता, तो गप्प राहूनही सगळं सांगत होता. १६८९ मध्ये राजे अवघे ३१ वर्षांचे होते, हे पुढे पुस्तकात वाचलं तेव्हा जे आत हललं, ते कुठल्याही सळईने हललं नाही.

वहिनींना लिहिलं, "पिल्लूला नको." त्यांनी लगेच विचारलं, "मग सासूबाईंना?" सासूबाईंना बीपी आहे, पण त्यांनी 'छावा' कादंबरी वाचलेली आहे, त्या माझ्यापेक्षा खमक्या आहेत. त्यांना न्या, म्हटलं, कडेची सीट घेऊन.

बाकी वाचकहो, सिनेमा मोठ्यांनी जरूर बघावा, माझे साडेतीन कायम आहेत. लहानांना घरी गोष्ट सांगा. आठवी-नववीतलं मूल हट्टच धरत असेल तर शेवटचा अर्धा तास कसा आहे हे आधी सांगून न्या, त्याला मधेच उठावंसं वाटलं तर मुकाट्याने त्याच्याबरोबर बाहेर या, आणि तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवा.