सकाळी आठच्या ठोक्याला

वसुलीवाल्याचा फोन बरोबर आठ वाजता येतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बांधून दिलेली वेळच सकाळी आठ ते संध्याकाळी सात. एवढा एक नियम गडी घड्याळ लावून पाळतो. धमकावू नका, घरच्यांना छळू नका, हा त्याच परिपत्रकातला मजकूर बहुधा त्याच्या प्रतीत उमटलाच नाही.

"भाऊ, तुमच्या क्रेडिट कार्डाचे बेचाळीस हजार राह्यले."

ते कार्ड मी २०१४ मध्येच कातरून टाकलं होतं. भांडण होतं वार्षिक शुल्काच्या पाचशे रुपयांचं. नागपूरच्या उन्हात माणूस सुकतो. हे पाचशे तेवढे फुगले. हिशेब मागितला तर म्हणे, "तो बँकेकडे हाये." बँक म्हणते, खातं केव्हाच विकलं.

मुदतीच्या कायद्यात असल्या दाव्याला तीनच वर्षं, हे ऐकवताच आवाज लोण्याहून मऊ झाला. "राहू द्या ना जी, कागद पाठवतो, 'देतो' म्हणून फक्त सही मारा."

मेख इथेच. मुदत टळलेलं कर्ज फेडण्याचं वचन सहीनिशी लिहून दिलं, की १८७२चा करार कायदा मेलेल्या दाव्याला पुन्हा उठवून बसवतो. फुकटात एवढी संजीवनी डॉक्टरही देत नाहीत.

म्हटलं, "हिशेब घेऊन संविधान चौकात या, रिझर्व्ह बँकेसमोर. तर्री-पोहे माझ्याकडून."

"तिकडं काहून?" म्हणत त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बायकोचा फोन वाजला.