सहृदय प्रेक्षकाचा जाहीर सत्कार

कलावंतांना पारितोषिकं मिळतात, निर्मात्यांना नफा मिळतो. प्रेक्षकाच्या वाट्याला उपदेशाखेरीज काही येत नाही. 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेच्या बाबतीत तर हा अन्याय फारच ढळढळीत आहे. १७ सप्टेंबर २०२१ रोजी ती नेटफ्लिक्सवर आली आणि पहिल्या अठ्ठावीस दिवसांत जगाने ती १६५ कोटी तास पाहिली. एवढे तास कर्जबाजारी माणसं गोळ्या लागून पडत होती, आणि तरीही पाहणाऱ्याच्या मनाची कोवळीक तसूभरही कमी झाली नाही. या गुणाची दखल घेण्याइतकं सौजन्य आपल्या समाजात उरलं आहे असं गृहीत धरून हे चार शब्द.

ही कोवळीक विशेषतः सहाव्या भागात दिसून आली. मालिकेची मांडणी आता बहुतेकांना पाठ आहे: डोक्यावर कर्ज असलेली ४५६ माणसं, लहान मुलांचे सहा खेळ, हरला तो मेला, आणि शेवटी उरेल त्याला ४,५६० कोटी वॉन. सहाव्या भागात खेळाडूंना जोड्या करायला सांगतात. पुढचा खेळ जोडीने खेळायचा असणार असं समजून जो तो आपल्या सर्वांत भरवशाच्या माणसाला धरतो. एक जोडपं तर नवरा-बायकोच म्हणून उभं राहतं. मग कळतं की खेळ एकमेकांविरुद्ध आहे. प्रत्येकी दहा गोट्या, अर्धा तास वेळ. कुणी मुठीत गोट्या घेऊन एकी की बेकी विचारतं, आणि चुकलं की भरपाई द्यावी लागते. शेवटी ज्याची मूठ रिकामी, त्याला गोळी.

जगभर लोक रडले. आणि रडणं नुसतं भाबडं नव्हतं, त्यात विवेकही होता. सोल विद्यापीठात शिकलेला, गिऱ्हाइकांचे पैसे बुडवून आलेला सांग-वू आपला साथीदार अली याला फसवतो: त्याच्या थैलीत गोट्यांऐवजी खडे भरतो आणि त्याच्या गोट्या घेऊन निघून जातो. याच अलीला त्याने आधी परतीच्या प्रवासाचे पैसे दिले होते आणि साहेब म्हणू नकोस, दादा म्हण, असं सांगितलं होतं. सांग-वूवर प्रेक्षक जो संतापला तो योग्यच होता. त्याच अर्ध्या तासात, दोन गल्ल्या पलीकडे, आपला लाडका नायक गी-हून एका विसराळू म्हाताऱ्याला त्याच्या विसरण्याचा फायदा घेऊन अगदी त्याच रीतीने लुबाडत होता. पण गी-हून बिचारा. त्याला वाईट वाटत होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तो हसतो छान. गुन्हा एकच असला तरी निकाल चेहरा पाहून द्यावा, हे तत्त्व आपल्याकडच्या कितीतरी चौकश्यांत मोठ्या खर्चाने पाळलं जातं. इथे ते लोकांनी घरबसल्या, मोफत पाळलं.

अलीची भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने केली, याचा आपल्या लोकांना साहजिकच अभिमान वाटला. कोरियात राबायला आलेला पाकिस्तानी मजूर, मालकाने सहा महिन्यांचा पगार थकवलेला, घरी बायको आणि तान्हं मूल. त्याची ती भाबडी मान डोलावणारी अदा पाहून डोळ्यांत पाणी आलं नाही असं भारतीय घर विरळा. दुसऱ्या दिवशी त्याच घरी महिनाअखेर असेल, तर धुणी-भांडी करणाऱ्या मावशींचे दोन खाडे मोजून पैसे कापले गेले असतील. पण हिशेब वेगळा आणि हळवेपणा वेगळा. दोन्ही एकमेकांत मिसळू न देणं यालाच सुसंस्कृतपणा म्हणतात. परक्या देशातल्या परक्या मालकाने परक्या मजुराचा पगार बुडवला तर आपल्याला जो संताप येतो, त्याची सर घरच्या प्रसंगांना येत नाही, आणि येऊही नये. घरात शांतता लागते.

याच भागात दोन तरुण मुली खेळायचं सोडून देतात. वेळ संपेपर्यंत आपापल्या आयुष्याबद्दल बोलत बसतात, आणि शेवटी एक जण मुद्दाम गोटी हातातून खाली सोडून देते. ही भूमिका करणाऱ्या ली यू-मीला पुढच्या वर्षी एमी पुरस्कार मिळाला. तो रास्तच होता. मात्र आपापल्या जागी बसून हुंदके देणाऱ्यांना काहीच मिळालं नाही.

रडणं झालं, डोळे पुसले, पुढचा भाग लावला. पुढच्या भागात खास पाहुणे येतात, आणि प्रेक्षकाची रसिकता खऱ्या अर्थाने इथे कसाला लागते. हे पाहुणे म्हणजे सोनेरी प्राण्यांचे मुखवटे घातलेले, इंग्रजी बोलणारे धनिक. ते कोचावर लोळतात, पेले रिकामे करतात, रंगवलेल्या जिवंत माणसांना लोडासारखं टेकतात आणि कोण मरणार यावर पैजा लावतात. समोर काचेच्या पुलावरून सोळा जण चाललेले असतात. एक पाऊल चुकलं की खाली. त्यांतला एक जण काचेच्या कारखान्यात काम केलेला असतो, तो काच पाहून ओळखू लागतो. पाहुण्यांची मजा जाऊ नये म्हणून दिवे विझवले जातात.

या भागावर जगभरातून जोरदार आक्षेप आला. आक्षेप असा की, हे पाहुणे खरे वाटत नाहीत. संवाद ओढूनताणून, अभिनय लाकडी, विनोद पाचकळ. प्रेक्षकाचं म्हणणं मला सोळा आणे पटलं. आरामात पडून, खात-पीत, परक्या माणसांचं मरण बघणारी माणसं कशी वागतात, कशी बोलतात, कुठे हळहळतात आणि कुठे जांभई देतात, याची बारीक जाण असल्याशिवाय एवढी अचूक टीका करता येत नाही. त्यातही तक्रार करणारे त्या घडीला स्वतः कोचावर होते. विषयाचा अनुभव असलेल्या माणसाने मत दिलं की त्याला वजन येतं. निर्मात्यांनी एखाद्या दिवाणखान्यात दोन घटका बसून निरीक्षण केलं असतं, तर पाहुण्यांची भूमिका निश्चित सुधारली असती. अस्सल पाहुणा अर्थातच पुलावरच्या माणसाबद्दल आधी हळहळला असता.

प्रेक्षक नुसता बोलून थांबला नाही, हेही नोंदवायला हवं. पहिल्याच भागात निमंत्रणाच्या कार्डावर जो फोन क्रमांक दिसतो, तो एका खऱ्या माणसाच्या फोनशी जुळला. त्याला रात्रंदिवस हजारो फोन आणि संदेश गेले, इतके की अखेर ते दृश्य कापावं लागलं. पडद्यावर दिसलं ते खरं की खोटं, याची पदरमोड करून खातरजमा करणारा नागरिक आज दुर्मीळ आहे. वर्तमानपत्र वाचताना तो एवढे कष्ट घेत नाही.

मग बाजाराने साथ दिली. त्या वर्षीच्या हॅलोविनला हिरव्या ट्रॅकसूटची चंगळ झाली. मालिकेत तो पोशाख आपल्या नावाऐवजी क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या माणसांचा आहे. तो आनंदाने विकत घेऊन मिरवणं हा त्या माणसांशी जवळीक दाखवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग. ज्यांना स्वस्त मार्ग रुचला नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये मालिकेच्याच नावाचं एक आभासी चलन निघालं. मालिकेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. ते विकत घेता येत होतं, विकता येत नव्हतं, आणि तरी लोकांनी घेतलं. १ नोव्हेंबरला एका नाण्याचा भाव २,८६१ डॉलरपर्यंत चढला आणि काही मिनिटांत शून्यावर आला. चालवणारे तीस लाखांहून अधिक डॉलर घेऊन नाहीसे झाले. झटपट पैशाच्या मागे लागलेल्या कर्जबाजाऱ्यांची गोष्ट पाहून तिचा धडा इतक्या झटपट अंगी बाणवणारा विद्यार्थी कुठल्या शिक्षकाला मिळाला असेल?

त्याच नोव्हेंबरात मिस्टरबीस्ट या यूट्यूबवाल्याने ४५६ माणसं आणि ४,५६,००० डॉलर घेऊन सगळा खेळ खराखुरा उभा केला. नेटफ्लिक्सने मग मागे कसं राहावं? 'स्क्विड गेम: द चॅलेंज' या नावाने त्यांनी इंग्लंडात, बेडफर्डशायरमधल्या जुन्या हवाई तळावर, जानेवारीच्या थंडीत ४५६ खऱ्या माणसांना मालिकेच्या पहिल्या खेळातल्या प्रचंड बाहुलीसमोर निश्चल उभं केलं. बक्षीस ४५.६ लाख डॉलर. तिघांना किरकोळ उपचार द्यावे लागले, असं कंपनीने सांगितलं. मूळ मालिकेतल्या पहिल्या खेळात याहून पुष्कळ जास्त माणसं कामी येतात, म्हणजे सुधारणा आहेच. या खेळात एक आई आणि तिचा मुलगाही उतरले होते. गोट्यांच्या फेरीत ते एकमेकांसमोर आले, आणि सहाव्या भागासाठी ज्यांनी आसवं राखून ठेवली होती त्यांना ती पुन्हा वापरता आली. गोळी नव्हती, एवढीच काय ती उणीव.

या सगळ्यात काही मंडळींनी मात्र मालिकेचा भलताच अर्थ लावला. २० ऑक्टोबर २०२१ रोजी सोलच्या रस्त्यावर कामगार संघटनांचे लोक मालिकेतल्या पहारेकऱ्यांच्या वेशात संपाच्या घोषणा देत आले. त्यांना वाटलं, ही गोष्ट नोकऱ्या आणि कर्ज यांच्याबद्दल आहे. गैरसमज व्हायला थोडी जागा होती, हे कबूल करू. गी-हूनची नोकरी गेल्याची कथा लिहिताना दिग्दर्शक ह्वांग दोंग-ह्यूक यांच्या मनात २००९ चा सांगयोंग मोटर्सचा संप होता. ७७ दिवस कामगार प्याँगटेकच्या कारखान्यात ठाण मांडून बसले होते आणि पोलिसांनी हेलिकॉप्टरमधून अश्रुधुराचा मारा केला होता. पण असल्या गोष्टी पार्श्वभूमीतच बऱ्या. ह्वांग यांनाही ते पुढे उमगलं असावं. मालिका लिहिली तेव्हा हाती पैसा नव्हता, लॅपटॉप विकावा लागला होता. चित्रीकरणाच्या ताणाने सहा दात गेले. यश आलं तेव्हा करारानुसार मोठा वाटा नेटफ्लिक्सचा होता. दुसरा हंगाम करण्यामागे पैसा हे एक कारण होतं, असं त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं. या एका वाक्यात त्यांनी स्वतःच्या मालिकेचं जेवढं नेमकं समीक्षण केलं, तेवढं कुणा समीक्षकाला जमलं नाही.

तिसरा आणि शेवटचा हंगाम २७ जून २०२५ रोजी आला. त्यात खेळ चालू असताना एक खेळाडू बाळंत होते. ती मरते, आणि मुखवटेवाल्या पाहुण्यांना कल्पना सुचते की आईच्या जागी बाळालाच खेळाडू करावं. त्याला आईचा २२२ हा क्रमांक मिळतो. बाळ अखेर जिंकतं, सगळे वॉन त्याला मिळतात. यावर प्रेक्षकांची प्रतिक्रिया पुन्हा एकदा त्यांच्या लौकिकाला साजेशी होती: बाळ खरं वाटत नाही, संगणकावर बनवल्यासारखं दिसतं. तक्रार अगदी रास्त आहे. तान्ह्या जिवाला मरणाच्या खेळात उतरवायचं, तर निदान गाल तरी नीट करायला हवे होते. पुढच्या वेळी संगणकवाल्यांनी तेवढं लक्ष घालावं.